वाफ मिळते, रोजचा पंप मिळत नाही

प्रश्न : आईचं वय 58. आयुष्यभर पऱ्हाट्या जाळून चुलीवर रांधलं. थंडीत दम वाढला की ग्रामीण रुग्णालयात वाफ देतात, बरं वाटलं की घरी सोडतात. महिन्याभरात पुन्हा तेच. सरकारी दवाखान्यात पक्का इलाज नाही का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : लक्षणं सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची वाटतात; बिडी न ओढताही चुलीच्या धुराने तो होतो. पण आधी थुंकी आणि एक्स-रे तपासून टीबी नाही ना, ते पाहा. मग स्पायरोमेट्री. ही फुंकण्याची चाचणी गावपातळीवर सहसा होत नाही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात छातीरोग विभागात विचारा. औषध ओढल्यावर 15 मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. तेव्हाही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडी समजतात.

झालेलं नुकसान भरून येत नाही, मात्र रोजच्या पंपाने (इन्हेलरने) दम वाढण्याचे झटके कमी होतात. आपली यंत्रणा नेमकी इथेच कमी पडते. झटका ती सांभाळते, मधल्या दिवसांत रुग्णाला विचारणारं कोणी नसतं. टीबीच्या रुग्णाची नोंद होते, गोळ्या चुकल्या तर कर्मचारी घरी येतो. सीओपीडीच्या रुग्णामागेही असाच पाठपुरावा हवा. महात्मा फुले योजना भरती झाल्यावर उपयोगी पडते, घरच्या पंपाचा खर्च त्यातून निघत नाही.

म्हणून सुट्टी घेतानाच रोजचा पंप कोणता, ते केसपेपरवर मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या. टायोट्रोपियम आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत. साठा नसेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच घ्या, नाहीतर बरंचसं औषध घशातच बसतं. पंप हलवा, आईला पूर्ण श्वास सोडू द्या, एकदाच दाबा, सावकाश ओढायला लावा आणि 10 सेकंद श्वास रोखायला सांगा. दुसरा डोस अर्ध्या मिनिटाने. दोन्ही डोस एकदम दाबले की औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवा, पण पुसू नका. तसाच वाळू द्या.

बोलताना वाक्य तुटू लागलं, ओठ निळसर दिसले किंवा गुंगी आली तर लगेच 108. निदान झालं असेल तर सीओपीडी असल्याचं तिथे आवर्जून सांगा. या रुग्णांना रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण 88 ते 92 टक्क्यांवर राहील इतकाच ऑक्सिजन देतात; जास्त सोडला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो.