दुबईत सेकंडहँड प्राडो घेतली आहे, टायर २६५/६५ आर१७. वाळवंटात न्यायची तर एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलाचे) टायर घ्यावेत का? हवा किती ठेवायची?

एमटी घेऊ नका. आहे त्याच मापाचे एटी (ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनीचे) घ्या आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगला कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचा गेज घ्या. वाळूत नक्षीपेक्षा हवेचा हिशोब कितीतरी जास्त कामाला येतो.

एमटीचे मोठे ठोकळे चिखलासाठी असतात. कोरडी वाळू ते मागे उपसतात आणि चाक जागच्या जागी खड्डा करून बसतं. वाळूत टायर तरंगला पाहिजे, त्यासाठी त्याला मऊ आणि उंच साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) लागते. तुमच्या टायरची साइडवॉल १७२ मिमी (२६५ मिमी रुंदीच्या ६५ टक्के) आहे, म्हणजे उत्तम. १८ इंची रिमवर २६५/६० घातला तर व्यास जवळजवळ तोच राहतो, पण साइडवॉल १५९ मिमीवर येते. दिसायला भारी म्हणून २० इंची रिम लावणाऱ्यांनी वाळूचा नाद सोडावा.

दुकानात आणखी एक गोष्ट बघा. मापापुढे ११२ असा भार निर्देशांक असेल तर तो साधा एसयूव्हीचा टायर. मापाआधी ‘एलटी’ आणि पुढे १२०/११७ असेल तर जाड साइडवॉलचा ट्रक छापाचा टायर. हत्ता, फुजैराकडच्या दगडी वादींमध्ये (डोंगरातल्या कोरड्या नदीपात्रांत) तो चांगला, पण वाळूत तेवढाच पसरायला त्यातली हवा २-३ पीएसआय जास्त काढावी लागते. तुम्ही मुख्यतः वाळूच म्हणताय, तर मी पहिला घेईन. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३वा आठवडा. इथल्या उन्हात रबर लवकर कडक होतं, त्यामुळे ‘नवाच आहे’ म्हणून दुकानात दोन वर्षं पडलेला टायर घेऊ नका. स्टेपनीही त्याच मापाची हवी. प्राडोची चारही चाकं कायम ओढत असतात, वेगळ्या व्यासाच्या चाकाने मधल्या डिफरन्शियलवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरवर) ताण येतो.

आता हवा. रस्त्यावर दारावरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. वाळूत शिरण्यापूर्वी चारही टायर १५ पीएसआयवर आणा. अबू धाबीतल्या लिवा वाळवंटासारखी मऊ, उंच वाळू असेल तर १२. सामान भरलेलं असेल तर मागे एखादा पीएसआय जास्त. आकड्यावर विश्वास नसेल तर रस्त्यावरच्या हवेत जमिनीपासून रिमच्या कडेपर्यंतची उंची मोजा आणि ती पाऊण होईपर्यंत हवा सोडा. हवा कमी झाली की टायर रुंद होतो त्यापेक्षा लांब जास्त पसरतो. त्या लांबीमुळेच वजन वाटलं जातं, म्हणून नुसते रुंद टायर घालून तो फायदा मिळत नाही.

गेज ० ते ६० पीएसआयचा घ्या, मोठ्या मापाच्या गेजवर १२ आणि १५ मधला फरक नीट कळत नाही. हायवेवरून आल्याबरोबर टायर तापलेले असतात. तेव्हा १५ केलेली हवा वाळवंटात मुक्काम केल्यावर पहाटे १२-१३ दिसेल. गळती नाही ती, टायर थंड झालेत. तरी निघण्यापूर्वी एकदा तपासाच.

१० च्या खाली फक्त अडकल्यावर, आणि बाहेर पडताच परत १२-१५. एवढ्या कमी हवेत उताराला आडवं जाताना स्टिअरिंग झटक्यात फिरवलं की टायर रिमवरून निसटतो. झालंच तर जॅकखाली फळी घालून गाडी उचला, रिम आणि टायरच्या कडेतली वाळू पूर्ण काढा, व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरने जोरात हवा भरा. टायर ‘ठक्’ आवाज करून बसला की पिन परत लावून हवा पुरी करा. लायटरचं इंधन फवारून पेटवण्याचे व्हिडिओ फिरत असतात, ते करू नका.

वाळूत ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप थांबते, शक्यतो तोंड उताराकडे असताना थांबवा. आत शिरण्यापूर्वी ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद करा, नाहीतर चढावर ऐन वेळी इंजिनाची ताकद तोच कापतो. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं वाटलं की लगेच पाय काढा. चारही चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू उपसा, हवा १० करा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. सबखा, म्हणजे मिठाची पांढरी पापडी दिसणारी सपाट जमीन, टाळाच. पापडीखाली चिखल असतो, तिथे हवा कमी करूनही फारसा उपयोग होत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी दवामुळे वाळू घट्ट असते, शिकायला तीच वेळ बरी.

कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्याने जोडणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १०-१५ अँपिअरचा असतो, ताकदीचा कॉम्प्रेसर ३० अँपिअर सहज ओढतो. हवा भरताना इंजिन चालू ठेवा. सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर चार टायर भरता भरता तापून बंद पडतो, मग लोक १५ पीएसआयवरच हायवेला लागतात. साइडवॉल सतत दुमडून तापते आणि १०० च्या वेगात टायर फुटतो. हवा भरेपर्यंत रेतीखडीच्या कच्च्या रस्त्यावरही ४० च्या पुढे जाऊ नका.