आयर्लंडमधली काउंटी कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषदच का? तिला जास्त अधिकार द्यावेत असं सगळे का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की डब्लिनला येऊन वर्ष झालं, बातम्यांमध्ये सारखं 'काउंटी कौन्सिलला अधिकार द्या' ऐकू येतं, मग आत्ता तिच्याकडे अधिकार नाहीत का, आणि ही म्हणजे आपली झेडपीच ना?

मी इथे बऱ्याच वर्षांपासून राहतो, आणि घराजवळच्या एका प्रकरणामुळे कौन्सिलच्या कारभारात नको तितका शिरलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. झेडपीशी तुलना केली तर इथली कौन्सिल फारच किरकोळ आहे. अधिकार द्यायला हवेत हे खरंच, पण इथले पुढारी ज्या क्रमाने ते देऊ म्हणतात तो क्रम मला उलटा वाटतो. आधी थेट निवडून आलेला महापौर, मग खाती, मग जमलं तर पैसा, असा त्यांचा हिशोब. माझ्या मते सुरुवात पैशापासून व्हायला हवी.

आधी झेडपीचं बघू. आपल्याकडे खेड्यातली प्राथमिक शाळा झेडपीची, आरोग्य केंद्र झेडपीचं, गुरांचा दवाखानाही बहुतेक ठिकाणी झेडपीचा. इथे काउंटी कौन्सिलची एकही शाळा नाही. शाळा चालतात शिक्षण खात्याच्या पैशावर, आणि बहुसंख्य शाळांवर कॅथलिक चर्चचं नियंत्रण. दवाखाने एचएसईकडे, म्हणजे देशभराच्या सरकारी आरोग्यसेवेकडे, पोलीस म्हणजे गार्डा देशभर एकच, बसचे मार्ग ठरवते नॅशनल ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी. पाणी कौन्सिलकडे होतं, ते 2014 मध्ये आयरिश वॉटर या सरकारी कंपनीकडे गेलं (आताचं इश्का एअरन). ड्रायव्हिंग लायसन्स 2013 मध्ये गेलं. कॉलेजच्या मुलांचं अनुदान त्याच्या आदल्या वर्षी. तुमच्या दारातला कचऱ्याचा डबा रिकामा करणारी गाडीसुद्धा बहुतेक ठिकाणी खाजगी कंपनीची असते. उरलं काय? सरकारी घरं, हमरस्ते सोडून बाकीचे रस्ते, बांधकाम परवानगी, लायब्ररी, अग्निशमन, बागा. देशाच्या एकूण सरकारी खर्चातला स्थानिक संस्थांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आहे. युरोपात इतका केंद्रित कारभार फार थोड्या देशांत असेल. कौन्सिल ऑफ युरोपच्या पाहणी पथकाने यावरून आयर्लंडला एकदा 2013 मध्ये आणि परत 2023 मध्ये सुनावलंय.

गंमत म्हणजे या कौन्सिला जन्मल्या तेव्हा चांगल्या दांडग्या होत्या. 1898 च्या कायद्याने ब्रिटिशांनी त्या काढल्या आणि जमीनदारांच्या हातातला गावगाडा पहिल्यांदा निवडून आलेल्या लोकांकडे आला. 1920 च्या निवडणुकांनंतर तर बहुतेक काउंटी कौन्सिलांनी लंडनला झुगारून बंडखोर डॉलशी, म्हणजे आयरिश लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या संसदेशी, निष्ठा जाहीर केली. स्वातंत्र्य मिळाल्यावर नव्या सरकारने त्याची परतफेड कशी केली? 1924 मध्ये डब्लिनची महापालिकाच बरखास्त केली आणि 1930 पर्यंत तिथे प्रशासक बसवले. महाराष्ट्रात 2022 नंतर झेडप्या आणि महापालिका कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती होत्या, त्यामुळे हा प्रकार आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

पुढे 1940 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला एक मॅनेजर मिळाला. 2014 पासून त्याला चीफ एक्झिक्युटिव्ह म्हणतात. आपल्या झेडपीचा सीईओ डोळ्यांसमोर आणा, फक्त त्याच्या हातात याहून जास्त आहे असं समजा. कामांची वाटणीच कायद्याने केलेली आहे. अंदाजपत्रक, विकास आराखडा, स्थानिक नियम हे सभागृहाचं. कुणाला बांधकाम परवानगी द्यायची, कुणाला घर द्यायचं, कंत्राट, नोकरभरती हे सगळं साहेबांचं. त्यामुळे अधिकारांची चर्चा नेहमी 'डब्लिनचं सरकार विरुद्ध काउंटी' अशी होते, पण काउंटीच्या आतही अधिकार निवडून आलेल्या माणसाकडे नाहीत, ही गोष्ट मागे पडते.

आता पैसा. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. पूर्वी घरपट्टी होती, तिला इथे रेट्स म्हणत. 1977 च्या निवडणुकीत फिअना फॉल पक्षाने घरांवरचे रेट्स रद्द करू असं वचन दिलं, 148 पैकी 84 जागा जिंकल्या आणि 1978 पासून खरंच रद्द केले. शेतजमिनीवरचे रेट्स पुढच्या दशकात न्यायालयात टिकले नाहीत. राहिले फक्त दुकानं-कारखान्यांवरचे. म्हणजे जवळपास पस्तीस वर्षं इथला सामान्य घरमालक आपल्या कौन्सिलला घरपट्टी म्हणून एक पैसाही देत नव्हता. जो पैसा देत नाही तो हिशोब मागत नाही, आणि ज्याला हिशोब द्यायचा नाही त्याला वरून येणाऱ्या अनुदानाकडे बघत बसण्याखेरीज काम उरत नाही. डब्लिनच्या कस्टम हाउसमध्ये, म्हणजे स्थानिक संस्थांचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या मुख्यालयात, अनुदानाची यादी कशी ठरते यावर काउंटीचं वर्ष ठरू लागलं.

2013 मध्ये आर्थिक मंदीच्या कचाट्यात, तेही कर्ज देणाऱ्यांच्या दबावाखाली, लोकल प्रॉपर्टी टॅक्स आला. घर घेतलं असेल तर तुम्ही भरतच असाल. पण नाव लोकल असलं तरी दर ठरवते डॉल आणि वसुली करतं रेव्हेन्यू, म्हणजे केंद्राचं कर खातं. कौन्सिलच्या हातात एवढंच की ठराव करून तो 15 टक्के वर किंवा खाली न्यायचा. (वर जायची मर्यादा 2026 पासून 25 टक्के केली आहे.) हा अधिकार पहिल्यांदा मिळाला तेव्हा डब्लिनच्या चारही कौन्सिलांनी काय केलं असेल? 2015 साठी चौघींनीही थेट 15 टक्के कमी करून टाकला. घरं नाहीत, निधी नाही म्हणून वर्षभर ओरडणाऱ्या सभागृहांनी!

मला त्यांचा राग येत नाही. वाढवलेला पैसा आपल्याच काउंटीत, आपल्या नावावर खर्च होईल याची खात्री नसेल तर मतदारांच्या शिव्या कोण खाईल? तेव्हा जमलेल्या करातला 20 टक्के वाटा गरीब काउंट्यांसाठीच्या सामायिक निधीत जायचा, आणि श्रीमंत कौन्सिलांचा बराचसा पैसा केंद्राने काढून घेतलेल्या अनुदानाच्या जागी भरण्यात जायचा. 2023 पासून कर पूर्णपणे स्थानिक ठेवतात. तरी दर ठरवायचा खरा अधिकार मिळत नाही तोवर कौन्सिलर हा तक्रारी पोचवणारा पोस्टमनच राहणार.

इथे कुणीतरी म्हणेल की कौन्सिलरांना अधिकार दिले होते तेव्हा त्यांनी काय दिवे लावले ते बघा की. बरोबर आहे, आणि हा आक्षेप टाळून चालणार नाही. 1955 च्या कायद्यातल्या कलम 4 खाली सभागृह ठराव करून मॅनेजरला 'अमुक काम करच' असा आदेश देऊ शकायचं. गावाबाहेर एकेकट्या घरांना परवानग्या देण्यासाठी काही काउंट्यांत याचा सर्रास वापर झाला. डब्लिन काउंटी कौन्सिलमध्ये त्याहून मोठा धंदा चालला, तो म्हणजे शेतजमिनी निवासी आणि व्यापारी झोनमध्ये टाकण्याचा. आपल्याकडे ग्रीन झोनचं यलो झोन होतं तसंच. बिल्डरांची पाकिटं, मतदानाआधी दलालांच्या फेऱ्या, सगळं. चौकशी आयोग 1997 मध्ये बसला (पुढे न्यायाधीशांच्या नावावरून तो मेहन आयोग म्हणून ओळखला गेला) आणि त्याचा शेवटचा अहवाल आला 2012 मध्ये. काही जण तुरुंगातही गेले. त्यानंतर 2014 च्या कायद्याने बांधकाम परवानगीच्या बाबतीत साहेबाला आदेश द्यायचा हक्क काढून घेतला. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. एकेका अर्जावर कौन्सिलरने मत देऊच नये. पण त्याच सुमाराला सरकारने याच्याशी काडीचाही संबंध नसलेली गोष्ट केली. 80 नगर परिषदा बंद करून टाकल्या. पर्यावरण मंत्री फिल होगन यांच्या या सुधारणेनंतर 114 संस्थांच्या 31 झाल्या आणि 1,627 सदस्यांचे 949. ड्रॉहेडासारखं चाळीस हजारांवर वस्तीचं गाव, शेकडो वर्षांची नगरपालिका असलेलं, आज त्याची स्वतःची परिषद नाही. तिथल्या चौकातल्या पार्किंगचा निर्णय लाउथ काउंटी घेते. इचलकरंजी नाही, पण निदान बारामतीची नगरपालिका रद्द करून कारभार झेडपीकडे दिला तर काय होईल याची कल्पना करा. काटकसर म्हणून हे केलं, पण मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांतला सगळ्यात वाईट निर्णय हाच.

आता माझं प्रकरण. आमची वसाहत बांधणारा बिल्डर मंदीत बुडाला. इथे नवी वसाहत झाली की रस्ते, दिवे, गटारं कौन्सिलने रीतसर ताब्यात घ्यावी लागतात. तोवर ती बिल्डरची जबाबदारी. बिल्डरच नाही, तर जबाबदारी कुणाची? कोपऱ्यावरचे दिवे बंद पडले, मुलं शाळेतून परतताना अंधार, हिवाळ्यात साडेचारलाच रात्र. कौन्सिलला फोन केला तर उत्तर ठरलेलं: वसाहत ताब्यात घेतलेली नाही. स्थानिक कौन्सिलर बाई भली, घरी येऊन टॉर्च लावून खांबांचे नंबर उतरवून गेली. तिने मासिक बैठकीत प्रश्न टाकला. छापील कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नाखाली अधिकाऱ्याचं उत्तर आलं, दोन ओळींचं, आणि त्यात परत तेच वाक्य. सभागृहाने एकमताने 'लवकर ताब्यात घ्या' असं म्हटलं, इतिवृत्तात नोंद झाली, विषय संपला. शेवटी दिवे लागले ते बिल्डरने ठेवलेल्या हमीच्या रकमेतून, वकिलांची पत्रापत्री झाल्यावर. त्या बाईला दिवे दुरुस्त करायला एक युरोसुद्धा स्वतःच्या अखत्यारीत खर्च करता येत नव्हता. तिचा मला राग नाही, तिच्या खुर्चीची कीव आली.

महापौराबद्दल थोडं. 2019 मध्ये लिओ वराडकर टीशॉक, म्हणजे पंतप्रधान, असताना कॉर्क, वॉटरफर्ड आणि लिमरिक इथे थेट निवडून आलेला महापौर हवा का यावर लोकांचं मत घेतलं. पहिल्या दोघांनी थोडक्या मतांनी नाही म्हटलं, लिमरिकने हो. (वराडकर म्हणजे मालवण तालुक्यातल्या वराडचे, वडिलांकडून. त्यांचं राजकारणही फिंगल काउंटी कौन्सिलच्या जागेवरूनच सुरू झालं, हे इथल्या मालवणी मंडळींना पाठ असतं.) जून 2024 मध्ये जॉन मोरन लिमरिकचे पहिले तसे महापौर झाले, पाच वर्षांसाठी. पूर्वी अर्थ खात्याचे सर्वोच्च अधिकारी, त्यामुळे सरकारी तिजोरीच्या किल्ल्या कुठे असतात ते त्यांना माहीत. पण त्यांनाही नवा कर बसवता येत नाही. एकेकट्या बांधकाम परवानग्या आणि घरवाटप नव्या डायरेक्टर जनरलकडे, म्हणजे तिथल्या नेमलेल्या प्रशासकीय प्रमुखाकडे. डब्लिनचा लॉर्ड मेयर अजूनही दर वर्षी बदलतो आणि मुख्यतः गळ्यातली साखळी घालून फीत कापतो. तिथेही थेट निवडणूक व्हावी असं सरकारने बोलावलेल्या नागरिकांच्या सभेने (सिटिझन्स असेंब्ली) सुचवलंय. झाली तरी पैशाचं सूत्र तेच राहिलं, तर साखळी तेवढी जड होईल.

हे बदलत का नाही याचं कारण तुम्हाला घरबसल्या कळेल. डॉलमधला खासदार, ज्याला टीडी म्हणतात, तोही खड्डे, घराची यादी, बसथांबा याच कामांवर निवडून येतो. एकेका मतदारसंघात तीन ते पाच टीडी, त्यातले स्वपक्षाचेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, आणि उद्याचा प्रतिस्पर्धी आजचा कौन्सिलर. त्याच्या हातात पैसा कोण देईल? आपल्याकडे आमदाराला झेडपी सदस्य मोठा झालेला कधी आवडलाय?

एक गोष्ट मात्र इथे आपल्यासाठी चांगली आहे. काउंटी कौन्सिलच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, वय 18 आणि इथला पत्ता पुरे. पुढची निवडणूक 2029 मध्ये आहे, तेव्हा उमेदवार दारावर येतीलच. त्यांना खड्ड्यांबद्दल जरूर सांगा, पण प्रॉपर्टी टॅक्सच्या ठरावावर गेल्या वेळी हात कुठे वर केला होता हेही विचारा, बरेच जण गडबडतात. मतदार यादीत नाव पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) टाकून ऑनलाइन नोंदवता येतं. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत तुमच्या नावापुढे फक्त स्थानिक निवडणुकीचा शिक्का असतो. पुढे आयरिश नागरिकत्व घेतलंत तर तो आपोआप बदलत नाही, कौन्सिलला कळवावं लागतं.