‘मेलस्ट्रॉम’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि तो आला कुठून?

मेलस्ट्रॉम म्हणजे समुद्रातला प्रचंड, रोंरावणारा भोवरा. तुम्ही बातमीत ‘पोलिटिकल मेलस्ट्रॉम’ वाचून विचारलंय, म्हणजे तुम्हाला भेटला तो लाक्षणिक अर्थ. ‘कर्जाच्या भोवऱ्यात सापडला’ असं आपण म्हणतो, तसाच.

इंग्रजीने हा शब्द डच भाषेकडून घेतला. ‘मालेन’ म्हणजे दळणे, ‘स्ट्रोम’ म्हणजे प्रवाह. दळणारा प्रवाह! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आजीचं जातं आठवलं. मी मुठीने जोंधळे वैरायचो. तोंडाशी दाण्यांचा छोटा ढीग व्हायचा, आजीने खुंटा ओढला की तो गरगरत मधोमध खचायचा आणि दाणे आत नाहीसे व्हायचे. भोवऱ्याचं रूप हुबेहूब तेच.

सोळाव्या शतकातल्या डच नकाशांवर हे नाव एका ठरावीक जागेचं होतं: नॉर्वेच्या लोफोटेन बेटांच्या टोकाशी असलेला मोस्कस्ट्राउमेन. भरती-ओहोटीचं पाणी तिथे बेटांमधून जोराने वाहतं आणि भोवरे उठतात. पुढे विशेषनामाचं सामान्यनाम झालं. नॉर्वेतच बोडो शहराजवळ साल्टस्ट्राउमेन आहे. तिथली सामुद्रधुनी जेमतेम १५० मीटर रुंद, पण पाण्याचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात जातो आणि भोवरे १० मीटर व्यासापर्यंतचे होतात.

जात्याची कल्पना तिकडच्या पुराणकथेतही आहे. फेन्या आणि मेन्या या दोन राक्षसकन्या जहाजावर जादूच्या जात्यावर मीठ दळत होत्या. मीठ इतकं झालं की जहाज बुडालं. जात्याच्या तोंडातून समुद्राचं पाणी आत कोसळू लागलं, तोच भोवरा. आणि समुद्र खारट झाला तोही त्या मिठाने.

आपला ‘भोवरा’ मात्र संस्कृत ‘भ्रम्’, म्हणजे फिरणे, या धातूच्या कुळातला. म्हणून मुलांच्या हातातला भोवरा, डोक्यावरच्या केसांचा भोवरा आणि नदीतला भोवरा, तिघांना एकच नाव. त्यात दळण नाही.

पण आपल्या नद्या खरंच दळतात. कुकडीकाठी निघोजला जाऊन बघा. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षं गरगरत राहिले आणि त्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले. मी उन्हाळ्यात गेलो होतो, पाणी उतरलेलं होतं. एका रांजणात वाकून पाहिलं, तर तळाशी ते गोटे होते, एकमेकांवर घासून अंड्यासारखे गुळगुळीत झालेले.