हातात लपवलेली नाणी लोकांना जवळून ‘काढून’ दाखवायच्या जादूसाठी कोणती नाणी घ्यावीत?

दहा रुपयांची चार गोल नाणी घ्या. व्यास 27 मिमी, त्यामुळे अंगठ्याचं मूळ आणि करंगळीखालचा मांसल भाग यांच्यात ती नीट अडकतात. रुपया लहान, निसटतो. वीसचं त्याच मापाचं, पण बारा बाजूंचं. गोलाची सवय झालेल्या हाताला टोचतं. एकाच छापाची, वापरून गुळगुळीत झालेली निवडा. कोरी जास्त खणखणतात आणि बिंग फुटतं.

खाली सोलापुरी टेरी टॉवेल दुहेरी घालून अंथरा. आवाज दबतो, नाण्याखाली नख जातं. चादर त्यामानाने सपाट. उन्हाळ्यात तळवा घामेजतो; रुमाल ठेवा, पावडर नको, नाणं पांढरं पडतं.

कवचाची नाणी (आतून पोकळ, दुसऱ्या नाण्यावर टोपणासारखी बसणारी) सध्या नकोत, लोक हातात मागतातच. खरं नाणं कापून तर बनवूच नका, नाणे अधिनियम 2011 नुसार गुन्हा आहे.