नेमकी कोणती थेरपी घेऊ?

"मॅडम, सीबीटी घेऊ की रिलॅक्सेशन? चुकीची निवडली तर एवढे महिने फुकट जातील ना?"

फॅमिली डॉक्टरांनी पाठवलेल्या पन्नाशीच्या एका बाईंनी बसल्या बसल्याच विचारलं. (तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, पण ईसीजी आणि थायरॉइड दोन्ही नॉर्मल. जीएडी-७ या प्रश्नावलीत २१ पैकी १४ गुण, म्हणजे चिंता मध्यम स्वरूपाची. हातातल्या वहीत थेरपींचे फायदे-तोटे लिहिलेले आणि पानभर प्रश्नचिन्हं.

हा प्रश्न बरेच जण विचारतात. सीबीटी म्हणजे काळजीमागचे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०११ ची मार्गदर्शिका सततच्या काळजीसाठी दोन्ही थेरपी सुचवते, डावं-उजवं न करता. साधारण १२ ते १५ आठवडे, दर आठवड्याला एक तास. त्रास सौम्य असेल तर आधी मार्गदर्शनासह स्व-मदत.

अप्लाइड रिलॅक्सेशन म्हणजे नुसतं डोळे मिटून पडणं नव्हे. स्नायू ताणून सैल सोडण्यापासून सुरुवात होते आणि सरावाने, धडधडीची पहिली चाहूल लागताच, अर्ध्या मिनिटात शरीर सैल करता येऊ लागतं. ज्यांची काळजी आधी खांद्यांत, जबड्यात उतरते त्यांच्यासाठी मी हीच सुचवते.

या बाईंची गाठ वेगळीच होती. "मी काळजी केली नाही आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर?" काळजी हीच त्यांची राखण. म्हणून मी सीबीटीकडे झुकले. पण आधी निवडीचा प्रश्न! म्हटलं, वही मिटा, दहा मिनिटांत ठरवा, शंका राहिली तर राहू द्या. अनिश्चितता सोसायचा हा पहिला धडा. त्यांना तो मुळीच आवडला नाही; तरी ठरवलं.

मग प्रयोग. मुलाला उशीर झाला की त्या फोनवर फोन करायच्या. आता फोन न करता आधी अंदाज लिहायचा: "अपघात, खात्री ८० टक्के." मुलगा घरी आला की खाली निकाल: "मीटिंग लांबली." अशा नोंदी साठत गेल्या तसा पहिला आकडा आपोआप उतरू लागला.

गुण आता ८ वर आलेत. गुण हललेच नसते, तर थेरपी बदलण्याचा किंवा औषधाचा विचार डॉक्टरांबरोबर केला असता. झोप मात्र अजून नीट लागत नाही. सध्या त्यावर काम चालू आहे.