आज्जीच्या देवघरातला शंख

ॲबर्डीन

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आज्जी देवांच्या आधी शंखाची पूजा का करते? आणि सोलापुरात समुद्रच नाही, मग हा आला कुठून, बनला कशाचा?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे आधी कलश, मग शंख, मग घंटा. शंखातलं पाणी स्वतःवर आणि पूजेच्या साहित्यावर शिंपडायचं, मग देवांकडे वळायचं. शंख जमिनीवर टेकवत नाहीत, त्याची अडणी असते. गंध-फूल वाहताना आज्जी श्लोक म्हणते ना, त्यात शंखाला म्हटलंय की तू पूर्वी सागरातून निघालास. त्याचं मूळ गाव रोज आठवायचं, ही रीत मला फार आवडते.

पूजेचे शंख तमिळनाडू आणि श्रीलंकेमधल्या मन्नारच्या आखातात मिळतात. आत गोगलगाईच्या जातीचा जीव राहतो. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड समुद्रातही विरघळतो आणि तिथे त्याचा बहुतेक भाग बायकार्बोनेट या विरघळलेल्या रूपात जातो. हा जीव ते आणि कॅल्शियम पाण्यातून घेतो, अंगाच्या मऊ पदरातून थरावर थर चढवतो. म्हणजे आज्जीच्या हातातला तो पांढरा दगडासारखा शंख एके काळी बराचसा पाण्यात विरघळलेली हवा होता! कवच होताना थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात परतही सुटतो. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं मात्र तो घेऊन उन्हात अन्न करतात, आपल्या सिद्धेश्वर तळ्यातल्या शेवाळासारखीच.

करून बघ. आज्जीच्या पानाच्या डब्यातला चुना तिलाच पाण्यात कालवायला सांग. वरची निवळी ग्लासात घेऊन नळीनं हळू फुंक (ओढायचं नाही, डोळे जपायचे). पाणी दुधाळ होईल. ती पांढरी पूड आणि शंख, पदार्थ एकच: कॅल्शियम कार्बोनेट.

एक काळजीची गोष्टही सांगते. माणसाच्या धुरातला साधारण पाव कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो. त्यामुळे वरच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. फरक इवलासा वाटतो, पण आम्लता जवळपास ३० टक्क्यांनी वाढलीय, आणि अशा पाण्यात कवच बांधणं अवघड होतं. आम्लानं शंख झिजतो, म्हणून त्याला लिंबू लावून बघू नकोस हं.

तो शंख घरात कुणी आणला, हे आज्जीला विचारून मला कळव. मला आठवतंय तेव्हापासून तो तिथेच आहे.

तुझी आई