“संदर्भ नीट नाहीत” या शेऱ्याचा अर्थ काय?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातली. जळगावला टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. ‘फैजपूर काँग्रेस’वर, म्हणजे काँग्रेसच्या १९३६च्या फैजपूर अधिवेशनावर, अडीच हजार शब्दांचा निबंध लिहून दिला, तो सरांनी “रचना नाही, संदर्भ नीट नाहीत” असा शेरा मारून परत केला. तीन आठवड्यांत पुन्हा द्यायचा आहे. चार पुस्तकं वाचली होती, शेवटी त्यांची यादीही जोडली होती. मग चुकलं काय? आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी वापरल्या तर चालतात का? पप्पांचं म्हणणं, यात वेळ घालवण्यापेक्षा एमपीएससीचा अभ्यास कर.

उत्तर : आधी पप्पांचं. २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि तिथे निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे. तिथे संदर्भ द्यावे लागत नाहीत, पण मुद्दा मांडून तो शेवटपर्यंत पुराव्याने लावून धरणं तेच. हे तीन आठवडे त्या अभ्यासातच धर.

आता निबंध. शेवटी चार पुस्तकांची यादी दिलीस, पण तुझं कोणतं वाक्य कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावरून आलं हे सरांना कुठेच दिसत नाही. यादी म्हणजे काही संदर्भ नव्हे. संदर्भ वाक्याला चिकटलेला असतो आणि यादीत त्याचा पूर्ण पत्ता असतो. दोन्ही लागतात.

रचनेची अडचण मात्र विषयातच आहे. ‘फैजपूर काँग्रेस’ हा मथळा झाला, प्रश्न नाही. म्हणून मग निबंध “सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं निसर्गरम्य फैजपूर” इथून निघतो, नेहरूंच्या चरित्रातून, चित्रकार नंदलाल बोस यांनी केलेल्या अधिवेशनाच्या सजावटीतून जातो आणि “अशा प्रकारे हे अधिवेशन ऐतिहासिक ठरले” इथे संपतो. सगळं खरं, पण सिद्ध काहीच होत नाही.

त्याऐवजी असा प्रश्न घे : डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं, म्हणून शेतकऱ्याला ठरावांत जास्त जागा मिळाली का? आता पुरावा कुठे शोधायचा ते आपोआप कळतं. फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौला, नेहरूंच्याच अध्यक्षतेखाली, प्रांतिक समित्यांकडून त्यासाठी शिफारशी मागवल्या गेल्या होत्या. शिवाय १९३७च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका होत्या. मग तुझं उत्तर असंही होऊ शकतं : “शेतीचा कार्यक्रम फैजपूरला मंजूर झाला असला, तरी त्याची तयारी लखनौपासून चालू होती, त्यामुळे तो खेड्यात अधिवेशन भरल्याचा परिणाम कमी आणि निवडणुकीच्या तयारीचा भाग जास्त दिसतो.” सरांना हे पटेल किंवा न पटेल, पण पुराव्यावर तपासता येईल. हे वाक्य प्रस्तावनेच्या शेवटी जातं आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याला बांधलेला राहतो.

अडीच हजार शब्द साधारण असे वाट : प्रस्तावना २५०, समारोप २५०, मधल्या दोन हजारांत चार भाग. पहिला लखनौचा, दुसरा फैजपूरच्या ठरावांचा, तिसरा निवडणुकांचा. चौथा भाग तुझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणाऱ्या पुराव्याचा, आणि तो टाळू नकोस. खेड्यातल्या अधिवेशनाचा काहीच परिणाम झाला नाही असं कुणी म्हणणार नाही, मग तो कुठे दिसतो हे तूच दाखव. परिच्छेद १२० ते १८० शब्दांचा असावा. पहिल्या वाक्यात मुद्दा, मग पुरावा, मग त्या पुराव्यातून काय निघतं. हे तिसरं बहुतेक जण गाळतात आणि अवतरणावर परिच्छेद सोडून देतात. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही. आधी लिहिलेली प्रस्तावना एक सांगते आणि निबंध भलतंच करतो.

संदर्भ देण्याच्या एपीए, एमएलए, शिकागो अशा ठरलेल्या पद्धती आहेत. त्यांतली कोणती, हे सरांना विचार आणि तीच शेवटपर्यंत पाळ. समजा पाटील आडनावाच्या लेखकाचं २०११चं पुस्तक आहे आणि पान ४७. एपीए पद्धतीत वाक्याच्या शेवटी (पाटील, २०११, पृ. ४७) येईल, एमएलएत (पाटील ४७), आणि शिकागोच्या टीपा-पद्धतीत वाक्यावर आकडा आणि पानाच्या तळाशी टीप. इतिहासवाल्यांना तळटीप आवडते, कारण जुन्या कागदपत्रांचे लांबलचक तपशील कंसात मावत नाहीत. सरांनी काहीच सांगितलं नसेल तर तीच घे. तीन पद्धतींची खिचडी केलीस की पुन्हा तोच शेरा येईल.

खानदेशात एक जास्तीची अडचण आहे. ‘पाटील’ म्हणून हाक मारली की अर्धा बसस्टँड वळून बघतो. चौधरी आणि महाजनांचंही तेच. यादीत दोन पाटील असतील तर कंसात आद्याक्षरंही दे. एकाच पाटलांची २०११ची दोन पुस्तकं असतील तर एपीएत २०११अ आणि २०११ब. यादी आडनावाने, मराठी वर्णक्रमानं. इंग्रजी पुस्तकं वेगळी, त्यांच्या वर्णक्रमानं.

जुन्या मराठी पुस्तकांवर साल शकाचं असतं. इसवी सन काढायला त्यात ७८ मिळव. जानेवारी ते गुढीपाडव्यामधली तारीख असेल तर ७९. फैजपूर अधिवेशन डिसेंबरातलं, म्हणजे शके १८५८. एवढ्याशा चुकीनं पुस्तक एका वर्षाने सरकतं आणि ग्रंथपालाला ते सापडत नाही. दुसरा सापळा नावाचा : १९३६मध्ये फैजपूर ‘जळगाव जिल्ह्यात’ नव्हतं, पूर्व खानदेशात होतं. १९०६मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यामुळे १८८०च्या खानदेश गॅझेटिअरमधला (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातला) आकडा अख्ख्या खानदेशचा आहे. तो उचलून पूर्व खानदेशला लावलास तर पान क्रमांक बरोबर असूनही विधान चुकतं.

विकिपीडिया वाच, पण तिथल्या तळटिपेतलं पुस्तक उघडून त्याचा संदर्भ दे. पुस्तक न उघडता ती तळटीप उचलू नकोस. चॅटजीपीटीकडून आलेला संदर्भ ग्रंथालयात हाताला लागेपर्यंत खोटाच धर. ते कधी नसलेल्या पुस्तकालाही झकास नाव, प्रकाशक आणि पान क्रमांक जोडून देतं. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ लागतो, हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जसंच्या तसं वाक्य घेतलंस तर अवतरणचिन्ह आणि पान, दोन्ही. एपीएत चाळीस किंवा जास्त शब्दांचं अवतरण अर्धा इंच आत सरकवून वेगळं लिहितात, तेव्हा अवतरणचिन्ह नको.

यातला बराच त्रास वाचतानाच टळतो. वहीत टिपण काढताना मजकुराच्या आधी लेखक, साल, पान लिही आणि तुझे शब्द कोणते, पुस्तकातले कोणते, यासाठी दोन रंगांचे पेन वापर. तीन आठवड्यांनी ‘हे वाक्य माझं का त्यांचं’ हे कुणालाच आठवत नाही. बरीचशी वाङ्मयचौर्यं अशीच, निष्काळजीपणातून होतात.

टंकनाचं थोडक्यात. ए-४, चारही बाजूंना एक इंच समास, बांधून द्यायचं असेल तर डावीकडे दीड. ओळींतलं अंतर १.५, ‘एक्झॅक्टली’चा पर्याय निवडलास तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. कॉलेजसमोरच्या सेंटरवर टाइप करून घेणार असशील तर आधीच ‘युनिकोडमध्ये’ सांग. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल सरांच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. वर्डची आपोआप यादी करणारी सोय मराठीला नीट जमत नाही, मधेच इंग्रजी शब्द घुसवते. वीस-पंचवीस नोंदी हातानेच कर. शेवटी प्रिंट काढून पेन्सिलीने ताळा घे : मजकुरातलं प्रत्येक नाव यादीत आहे का, आणि यादीतलं प्रत्येक नाव मजकुरात आलंय का. वाचलं पण वापरलं नाही, ते यादीतून काढ.

आजोबांच्या आठवणी जरूर वापर, पण साक्ष म्हणून जपून. त्यांनी ते स्वतः पाहिलं की त्यांच्या वडिलांकडून ऐकलं, हे स्पष्ट लिही. दोन्हीचं वजन सारखं नाही. त्यांची परवानगी घे, मोबाइलवर रेकॉर्ड कर, तारीख आणि गाव नोंदव. एपीएत अशी खासगी मुलाखत फक्त मजकुरातल्या कंसात येते, यादीत नाही. एमएलएत ती यादीतही येते. तारीख, आकडा किंवा ठरावाचं कलम त्यांच्या आठवणीवर टाकू नकोस, ते छापील कागदावरून घे. त्यांच्याकडून लोक कुठून आले, कसे आले, घरात काय बोललं गेलं हे घे, कारण ते कुठल्याच ठरावात मिळायचं नाही. आणि ते लेवा बोलीत सांगत असतील तर वाक्य बोलीतच ठेव, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे. शुद्ध करून लिहिलंस तर ती साक्ष त्यांची राहत नाही.